नव्वद अँपिअर

मनोरीहून कुर्ल्याला निघालो तेव्हा
इंजिन बंद करायचं नाही, एवढंच ठरलं होतं.
दहिसरच्या नाक्यावर नाही, चहाला नाही,
जोगेश्वरीला हवालदाराने हात केला तेव्हाही नाही.
बॅटरीत जी काही धुगधुगी होती
ती घरून निघतानाच सेल्फने खाल्लेली.

शब्बीर मुकादम बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला,
'एक्याण्णवची जीप, पस्तीसचा अल्टरनेटर,
आणि पुढे विंच लावलीयस हत्ती ओढायची.
घरात भाकऱ्या पस्तीस, पंगत शंभराची.'

मी काय सांगणार?
रविवारी संध्याकाळी गोराईच्या वाळूत गाड्या रुततात.
आत पोरं, बाहेर भरती.
लोक माझा नंबर एकमेकांना देतात.
दोर गुंडाळायला लागला की माझे दिवे
आधी पिवळे, मग केशरी,
मग काचेत नुसती लाल तार.
केशरी झाले की थांबायचं, पाच मिनिटं, रेस देऊन.
पाणी पाच मिनिटं थांबत नाही.

त्याने भंगारातून एक काढला.
ॲम्ब्युलन्सचा. नव्वदचा.
फडक्याने पुसला, फिरवला, कानाशी धरला.
'बेरिंग नवी टाकतो. आतलं तांबं बघ, अजून लाल आहे.'
ती गाडी कुठे कुठे धावली असेल
ते मी विचारलं नाही.

ब्रॅकेट कापली, वाकडी निघाली, परत कापली.
पुली बदलली. पट्टा दोनदा बदलला.
जुन्याच्या पाठीवर ब्रेकचा व्हॅक्यूम पंप होता,
तो सोडवताना मात्र शब्बीर हळू झाला,
जावळ काढताना पोराचं डोकं धरतात तसा.
'हा विसरलास तर गाडी चालते.
थांबत नाही.'

मग म्हणाला, तारा.
जुन्या तारांचं प्लास्टिक हातात पापडासारखं मोडलं.
'या सुतळीतून नव्वद सोडले तर
डॅशबोर्डमागे होळी.'
अंगठ्याएवढी केबल घातली, तिला वेगळा फ्यूज,
चॅसीला नवी अर्थ, रंग खरवडून, पत्रा चकाकेपर्यंत.
अल्टरनेटरपेक्षा तारांचंच बिल मोठं झालं.
सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं.

अँपिअरचा मीटर वाटेतून बाजूला केला.
तीस-शून्य-तीसचा, त्याचा जीव तेवढाच.
बिपिनने विचारलं, 'फेकू?'
म्हटलं, राहू दे जागेवर.
शेजारी व्होल्टमीटर बसवला.
चावी फिरवली, दिवे लावले, वायपर, पंखा,
वर भोंगाही दाबून धरला.
चौदा. हलेना.
समोरचा टायरवाला शिव्या द्यायला लागला
तेव्हा भोंगा सोडला.

हे मंगळवारी.

रविवारी पांढरी गाडी, चाकं अर्धी आत.
चालवणारी बाई चपला हातात घेऊन
खिडकीतून उतरलेली.
हुक लावला. विंच ओढायला लागली.
दिवे पांढरे.
पांढरेच राहिले.
ओल्या वाळूवरची शिंपली अन् शिंपली दिसत होती,
खेकड्याचं बीळसुद्धा,
आणि मला कळेना ओढ किती आहे ते.
वीस वर्षं हेच दिवे मला सांगत, बस, आता थांब.
आता काहीच मंदावत नव्हतं.

दोर बारीक किणकिणला
तेव्हा कुठे बोट स्विचवरून निघालं.
एक पेड तुटून केसासारखा उभा होता.

'काय झालं? का थांबलात?'
मी गोणपाट भिजवून दोरावर टाकला,
बाईला मागे व्हायला सांगितलं,
सवयीने मीटरच्या काट्याकडे बघितलं.
शून्य.

पाणी मागच्या चाकाला लागलं होतं.
गाडीत बसलो, काच खाली केली,
आणि स्विच पुन्हा दाबला, जरा जरासा,
कान बाहेर ठेवून.